एस्टोनियाच्या खेड्यापाड्यांतून, जूनच्या उजेडात

एस्टोनियाला जाणारे बहुतेक पर्यटक टालिनच्या तटबंदीतलं जुनं शहर बघतात, हेलसिंकीची बोट पकडतात आणि देश बघून झाला म्हणतात. टालिन देखणं आहे यात शंका नाही, पण हा देश कळायचा तर गावाकडे जायला हवं. साधारण पावणेचौदा लाख लोकवस्ती, निम्म्या जमिनीवर जंगल, समुद्रात दोन हजारांवर बेटं. वस्ती इतकी विरळ की दोन शेजाऱ्यांच्या घरांमध्ये अख्खं रान असतं. इथली माणसं अबोल म्हणून ओळखली जातात. मला ते पटलं नाही. त्यांना उगाच हवापाण्याच्या गप्पा मारायच्या नसतात इतकंच. कामाचं काही विचारा, हातात काही घेऊन बघा, आणि मग ती माणसं वेळ विसरतात.

आमच्यात कोण कोण होतं ते आधी सांगते. टालिनमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेली कॉलेजातली मैत्रीण, जिला आता आम्ही सगळे ‘टालिनकर’ म्हणतो. तिचा मोठा भाऊ, म्हणजे आम्हा सगळ्यांचाच दादा, निफाड तालुक्यातला कांदा आणि द्राक्षं पिकवणारा शेतकरी, पक्का शाकाहारी. साताऱ्याची डॉक्टर मैत्रीण. आणि मी. व्हिसा, विमान, भाड्याची गाडी, सगळं सुरळीत पार पडलं.

१९ जून, गुरुवार : लाहेमा

टालिनहून पूर्वेला तासाभरात लाहेमा राष्ट्रीय उद्यान लागतं. १९७१ साली जाहीर झालेलं हे सोव्हिएत संघातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. सुरुवात विरूच्या दलदलीपासून केली. या दलदलीला ते ‘राबा’ म्हणतात. पाइनच्या दाट रानातून पाच-दहा मिनिटं चाललं की एकदम उघडं होतं आणि पुढची सगळी वाट लाकडी फळ्यांवरून जाते. खाली शेवाळाचा जाड थर, त्यात काळ्याशार पाण्याची डबकी, आणि कमरेएवढी पाइनची झाडं. ती रोपटी वाटतात, पण त्यांतली कितीतरी शंभर वर्षांची आहेत. पाणी आंबट, अन्न नाही, म्हणून वाढ खुंटलेली. मेलेलं शेवाळ न कुजता साचत जातं आणि वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीनं थर चढतो. म्हणजे पायाखालचे चार-पाच मीटर साचायला काही हजार वर्षं लागली.

डॉक्टर फळीवर पालथी पडून काहीतरी न्याहाळत होती. जवळ जाऊन बघितलं तर दवबिंदू! कास पठारावर आपण ज्या कीटकभक्षी दवबिंदूसाठी गुडघे टेकतो, त्याचा गोल पानांचा भाऊबंद इथे शेवाळात लालेलाल पसरलेला. एका पानाच्या केसाळ काठाला मच्छर चिकटला होता आणि पान त्याच्यावर अगदी हळू वळत होतं. त्या दलदलीतल्या मच्छरांनी आमचं जे केलं, ते बघता डॉक्टरला त्या पानाबद्दल फार आपुलकी वाटली.

दुपारी कॅस्मू. हे कप्तानांचं गाव. १८८४ ते १९३१ इथे नाविक शाळा होती आणि गावातल्या घराघरातून जहाजाचे कप्तान निघाले. पांढरी लाकडी घरं, पुढे सफरचंदाची झाडं, किनाऱ्यावर हिमयुगात फिनलंडकडून बर्फानं वाहून आणलेले घराएवढे धोंडे. आज तिथे मुलं पाण्यात खेळत होती. सोव्हिएत काळात हाच किनारा सीमाक्षेत्र होता. मासे धरणाऱ्या गावात मासेमारीवर पहारा, आणि बाहेरच्या माणसाला इथे यायचं तर परवाना. पलीकडे फिनलंड होतं, म्हणून. संग्रहालयातल्या काकांना टालिनकरनं तिच्या मोडक्यातोडक्या एस्टोनियनमध्ये जाळ्याच्या गाठीबद्दल विचारलं. आतापर्यंत मान हलवून काम भागवणारे ते काका उठले, खुंटीवरून जाळं काढलं आणि लाकडी सुई आमच्या हातात देऊन गाठ घालून घेतली. चुकली की बोटांनी सोडवायचे, पुन्हा सुई हातात. संग्रहालय बंद व्हायची वेळ टळून गेली तरी त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

रात्रीचं जेवण आम्ही रानात केलं. ही सोय सांगायलाच हवी. सरकारी वनखातं, ज्याला सगळे ‘आरएमके’ म्हणतात, त्यानं देशभर रानात चुली, बाकं, तंबूच्या जागा आणि काही ठिकाणी झोपायला झोपड्यासुद्धा बांधून ठेवल्या आहेत. सगळं फुकट. काही ठिकाणी लाकडाची वखारही असते. आम्ही पोचलो तेव्हा एक आजोबा निघायच्या तयारीत होते. जाण्याआधी त्यांनी ओंडके फोडून बारीक ढलप्यांची जुडी चुलीशेजारी कोरड्या जागेत रचली. आमच्याकडे न बघता, न बोलता. ती आमच्यासाठी होती. दुसऱ्या दिवशी निघताना दादानं तितकीच जुडी फोडून ठेवली.

जाणाऱ्यांसाठी थोडं: आरएमकेचं अॅप आधीच उतरवून घ्या, त्यात सगळ्या जागा नकाशावर दिसतात. कोरड्या हवेत वणव्याचा धोका जाहीर झाला की शेकोटीला बंदी असते, ती पाळा. खासगी रानातही, कुंपण किंवा मनाईची पाटी नसेल तर, दिवसा चालायला आणि रानमेवा तोडायला हरकत नसते. कुणाच्या अंगणाजवळ मात्र जायचं नाही. गोचिड्या हा इथला खरा धोका. लांब पॅंट, पॅंटचे पाय मोज्यांत, आणि रात्री अंग तपासणं. गोचिडीच्या मेंदूज्वरावर लस आहे. ती काही आठवडे आधीपासून घ्यावी लागते, तेव्हा डॉक्टरांशी निघण्यापूर्वी बऱ्याच आधी बोला.

२० जून, शुक्रवार : पेइप्सीचा कांदा

दादाला या सहलीत यायला राजी करताना टालिनकरनं एकच गोष्ट सांगितली होती: तिकडे कांद्याची गावं आहेत.

पेइप्सी हा साडेतीन हजार चौरस किलोमीटरचा तलाव. किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रच. पलीकडचा काठ दिसत नाही, आणि तो काठ रशियात आहे. सीमा पाण्याच्या मधून जाते. पश्चिम काठावर कोल्क्या, कासेपा, वार्न्या ही गावं एकाला एक लागून एकाच रस्त्यावर काही किलोमीटर पसरली आहेत. निळी, हिरवी, पिवळी लाकडी घरं, खिडक्यांना कोरीव चौकटी. इथे राहतात ते ‘जुन्या श्रद्धेचे’ रशियन. सतराव्या शतकात रशियन चर्चमध्ये पूजाविधी बदलले, ते ज्यांनी मानले नाहीत त्यांचा छळ झाला, आणि त्यांतले काही पळून या काठाला आले. आजही ते दोन बोटांनी क्रूस करतात, प्रार्थनागृहात बायका डोकं झाकून जातात. पोट भरलं ते मासे आणि कांदा यांवर.

रस्त्याकडेला एका घरापुढे बाकावर कांदापातीच्या जुड्या आणि खारवलेल्या काकड्यांची बरणी मांडली होती. शेजारी पैशांचा डबा. माणूस कुणी नाही. दादानं पैसे टाकले, एक जुडी घेतली आणि मग सरळ कुंपणाशी जाऊन आत बघायला लागला. मागे उंच गादीवाफे, मधे खोल सऱ्या, वाफ्यांवर गुडघ्याएवढा हिरवागार कांदा. डोक्याला रुमाल बांधलेल्या एक मावशी खुरपणी करत होत्या. दादानं पातीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग पुन्हा पातीकडे. मावशींनी दोन क्षण त्याच्या हातांकडे बघितलं. आणि फाटक उघडलं.

पुढचा दीड तास आम्ही तिघी तिथे फक्त होतो. मावशी रशियन बोलत होत्या, दादा मराठी. मधे टालिनकरचा फोन भाषांतर करत होता, पण त्याच्याकडे त्या दोघांचं फारसं लक्ष नव्हतं. दादानं विचारलं, रोप कुठे टाकता? मावशी घरात गेल्या आणि एका खोक्यातून बोराएवढ्या लहान कांद्या घेऊन आल्या, वाळून खडखडणाऱ्या. इथे बी टाकून रोप लावण्याइतका उन्हाळा नसतो. आदल्या वर्षी या बारीक कांद्या करायच्या आणि वसंतात त्या लावायच्या. हिवाळाभर त्या ठेवायच्या कुठे? मावशींनी घरातल्या भिंतीएवढ्या चुलीच्या वर हात ठेवून दाखवला. उबेत. तसं ठेवलं नाही तर? त्यांनी एका वाफ्यात शोधून एक कांदा दाखवला, मधून जाड पोकळ दांडा निघालेला, टोकाला कळी.

“डेंगळा!” दादा जवळजवळ ओरडलाच. “मावशी, आमच्याकडे थंडीची लाट आली की हेच!”

तिथून दोघांना थांबवणं अशक्य झालं. गारवा लागला की कांद्याला वाटतं हिवाळा होऊन गेला, आता फुलायचं, आणि मग गाठ धरत नाही. निफाडला जे डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात होतं, ते इथे सहा महिने दारात उभं असतं. म्हणून चुलीची ऊब. दादानं फोनवर त्याच्या कांदाचाळीचे फोटो दाखवले, लासलगाव बाजार समितीत रांगेनं उभे असलेले ट्रॅक्टर दाखवले. मावशी त्या ट्रॅक्टरांच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांची सून घरातून आली. तिला एस्टोनियन येत होतं, म्हणून उरलेलं नीट कळलं. मावशींच्या तरुणपणी इथला कांदा लेनिनग्राडच्या बाजारात जायचा, वेण्या गुंफून, पोत्यांनी. १९९१ नंतर मधे सीमा आली आणि तो बाजार गेला. तरुण मुलं टार्टूला, टालिनला गेली. आता जो काही कांदा लावतात तो रस्त्याकडेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विकतात.

दादा गप्प झाला. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागली तेव्हा त्याचा कांदा चाळीत होता. ती मे २०२४ मध्ये उठेपर्यंत त्याचं काय झालं हे आम्हाला माहीत होतं, पण त्यानं ते कधी असं बोलून दाखवलं नव्हतं. ते त्यानं मावशींना सांगितलं. सुनेनं टालिनकरचं एस्टोनियन ऐकून रशियनमध्ये सांगितलं. मावशींनी मान हलवली, आत गेल्या आणि समोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं, घेऊन आल्या.

चहा बशीत ओतून, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. सोबत कांदा भरून भाजलेला ‘पाय’ (इंग्रजीतला pie), गरम, वरचा पापुद्रा खुसखुशीत आणि आत मऊ गोडसर कांदा. आम्हाला धूर दिलेला ब्रीम मासा मिळाला, कागदावर, सोनेरी कातडीसकट. मी इतका चांगला मासा त्या सहलीत पुन्हा खाल्ला नाही. निघताना मावशींनी दादाला मूठभर कांद्या दिल्या. परदेशातून लागवडीचं बियाणं असं आणता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. टालिनकरच्या घरच्या बाल्कनीत कुंडीत लावायच्या असं ठरलं.

इकडे येणार असाल तर रोख थोडी जवळ ठेवा. देशभर कार्ड चालतं, पण या डब्यांत नाणी लागतात. कांद्याच्या वेण्या बघायच्या तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या. जूनमध्ये पात आणि गेल्या वर्षीचं उरलंसुरलं मिळतं. तलावकाठी संध्याकाळी चिलटांचे ढग येतात, तोंड उघडं ठेवू नका.

२१ जून, शनिवार : सेतोमा आणि काजळीचं न्हाणीघर

आग्नेय कोपऱ्यातला सेतो लोकांचा मुलूख रशियन सीमेनं अर्धा कापलेला आहे. त्यांचं जुनं मुख्य गाव, पेत्सेरी, आता पलीकडे आहे. ओबिनित्सा गावात तळ्याकाठी ‘गाण्याची आई’ हिचा दगडी पुतळा आहे. गाणी रचणाऱ्या बायकांचा इतका मान असलेला मुलूख मी दुसरा पाहिला नाही. त्यांचं ‘लेलो’ गाणं २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

आम्ही गेलो तेव्हा संग्रहालयाच्या अंगणात सात-आठ बायका सराव करत होत्या. बाकी देश जान दिवस, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला शेकोट्यांचा सण, २४ जूनला करतो, सेतो लोक जुन्या पंचांगानं ७ जुलैला, त्याची ही तयारी. एकीच्या छातीवर ताटलीएवढा चांदीचा फुगीर ब्रोच, गळ्यात नाण्यांच्या साखळ्या. हलली की किणकिण. एक बाई ओळ सांगते, ओळ संपता संपता बाकीच्या तिला उचलतात आणि पुन्हा म्हणतात, आणि त्या सगळ्यांच्या वर एकच आवाज, टोकदार, उंच, एकटा चालतो. सुरुवातीला कानाला बोचतो. पाचव्या-सहाव्या ओळीनंतर त्याच्यावाचून ऐकवेना.

दादा दरवर्षी त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालतो. यंदा वारी सुरू असताना तो इथे होता, आणि ते त्याला लागलेलं होतं. ओळ कुठे उचलायची हे त्याला न सांगता कळलं. शब्द माहीत नव्हते, पण ओळीच्या शेवटी तो बरोब्बर त्यांच्यात शिरला, खालच्या सुरात. ओळ सांगणाऱ्या बाईंनी गाणं न थांबवता त्याच्यासाठी बाजूला सरून जागा केली. नंतर आम्हालाही गायला लावलं. दादानं अभंग सांगितला, आम्ही मागून म्हटला, टाळ्यांवर. दुसऱ्या कडव्याला त्या बायका टाळीत आल्या होत्या, तिसऱ्याला धृपदात. मग त्यांनी ओव्याची चव असलेलं घरचं चीज वाढलं. ओवा नव्हे, शहाजिरं. त्याला ‘सोइर’ म्हणतात. फाडलेल्या दुधाचा पांढरा गोळा, काळ्या राय ब्रेडवर.

संध्याकाळी वोरुमामधल्या एका शेतघरी मुक्काम होता. मुक्काम मुद्दाम शनिवारी ठेवला होता, कारण शनिवार म्हणजे सौनाचा, वाफेच्या न्हाणीचा वार. इथली धुराच्या सौनाची परंपरा २०१४ मध्ये युनेस्कोनं नोंदवली. धुराच्या सौनाला धुराडं नसतं. घरापासून दूर, तळ्याकाठी ओंडक्यांची एक बुटकी खोली. आत दगडांची रास, तिच्याखाली जाळ. दुपारपासून आल्डरची लाकडं घालत राहायची. धूर खोलीतच भरतो आणि दारातून, वरच्या झरोक्यातून बाहेर पडतो. चार-पाच तासांनी दगड तापले की जाळ पूर्ण विझू द्यायचा, निखारे काढायचे, बाकं धुवायची आणि कडू धूर निघून जाईपर्यंत थांबायचं. या थांबण्यात घाई करायची नाही. उरलेला वायू जीव घेऊ शकतो. हे काम घरातलं एकच माणूस करतं. इथे ते काम ऐंशी उलटलेल्या आजींचं होतं, आणि त्यांनी दारातून आत वाकून, वास घेऊन, “आता” म्हटल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडला नाही.

आधी आम्ही बायका. दार इतकं बुटकं की आत जाताना मान आपोआप लवते. आत काळोख, एका लहान खिडकीतून संध्याकाळचा पिवळा उजेड. भिंती, छत, सगळं काजळीनं काळं आणि मखमली. टेकायचं नाही, पाठ काळी होते. आजींनी दगडांवर पळीभर पाणी टाकलं. इतर सौनात पाणी चरचरतं, इथे फक्त एक लांब उसासा आला आणि ऊब अंगावर येऊन बसली, न भाजता. धूर, बर्चची पानं, ओलं लाकूड, असा वास. आजींनी बर्चच्या डहाळ्यांची जुडी भिजवून आधी स्वतःच्या खांद्यांवर आपटली, मग डॉक्टरच्या पाठीवर, मग आमच्या. पानं ओली, गरम. लागत नाही, रक्त धावतं. आत मोठ्यानं बोलायचं नाही, भांडण तर नाहीच. मग मधात मीठ कालवून अंगाला चोळायचं, आणि बाहेर येऊन तळ्यात. पाणी एवढं गार की माझा श्वास अडकला. पुन्हा आत. पुन्हा तळं.

तिसऱ्या खेपेला आजी बोलायला लागल्या. त्यांची नात इंग्रजीत सांगत होती. मार्च १९४९ मध्ये एस्टोनियातून वीस हजारांवर माणसं गुरांच्या डब्यांत घालून सायबेरियात नेली. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. आजी तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. परत आल्या तेव्हा घरात दुसरेच लोक राहत होते. सौना मात्र रिकामी उभी होती. पहिला हिवाळा आई आणि दोन मुली या खोलीत राहिल्या. याच बाकांवर झोपल्या. आजींची आई इथेच जन्मली होती, कारण पूर्वी बाळंतपण सौनात होई, आणि ती गेल्यावर तिला शेवटची आंघोळही इथेच घातली. शरदात, मेलेल्यांच्या दिवसांत, सौना तापवून त्यांच्यासाठी पाणी ठेवायची रीत होती, ती आजी अजून पाळतात. हे सगळं त्यांनी एका सुरात सांगितलं, मधेमधे दगडांवर पाणी टाकत. डॉक्टरनं त्यांचा हात हातात घेतला होता. कुणी काही बोललं नाही.

बाहेर आलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि उजेड होता. व्हरांड्यात बडीशेपेसारखा शेपू घातलेले नवे बटाटे, आंबट साय, काकडी आणि काळा ब्रेड. दादाचं जेवण इथे कधी अडलं नाही: नवे बटाटे, मशरूम, ब्रेड, दही, आणि ‘कामा’. कामा म्हणजे जव, राय, ओट आणि वाटाणा भाजून दळलेलं पीठ, ताकात कालवून खातात, मीठ किंवा मध घालून. दादानं दोन वाडगे घेतले.

२२ जून, रविवार : पाऊस

दिवसभर पाऊस. सूर मुनामॅगी हा बाल्टिक देशांतला सर्वांत उंच डोंगर, उंची ३१८ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर, पण इथे मनोऱ्यावरून चहूकडे क्षितिजापर्यंत फक्त रान दिसतं, हे काही आपल्याकडे दिसत नाही. मनोरा १९३९ सालचा. ढग खाली आलेले असल्यामुळे रानाची कड दिसत होती, मिटत होती. मग पश्चिमेकडे लांब गाडी. वाटेत विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी, ओल्या गवतात चालणारे करकोचे. पार्नूला मुक्काम.

गाडीबद्दल: दिवसाही हेडलाइट लावून ठेवणं सक्तीचं आहे. गावाकडचे कितीतरी रस्ते खडीचे आहेत, तिथे वेग आवरा. संधिप्रकाशात मूस, म्हणजे थोराड हरणं, रस्त्यावर येतात, आणि गायीएवढ्या उंचीच्या नव्हे, घोड्यापेक्षा उंच जनावराची धडक असते. चालवणाऱ्यानं दारू अजिबात घेऊ नये, मर्यादा अगदी कमी आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना बरोबर ठेवा.

२३ जून, सोमवार : मूहू, जळणारी होडी

विर्त्सुहून कुइवास्तुची फेरी अर्ध्या तासात मूहू बेटावर पोचवते. तिकीट आठवडाभर आधी काढलं होतं. त्या दिवशी अख्खा देश बेटांवर किंवा आजोळी निघालेला असतो, ऐन वेळी जागा मिळत नाही.

कोगुवा गाव आधी बघून घेतलं: गवती छपरांची घरं, शेवाळानं मखमली झालेल्या दगडी कुंपणांच्या गल्ल्या, कुंपणांवर उलट्या घातलेल्या जुन्या होड्या. मग मुक्कामाच्या गावी. २३ जून हा विजयदिन, १९१९ मधल्या लढाईच्या आठवणीचा. राष्ट्राध्यक्ष ज्योत पेटवतात आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत नेली जाते. त्या रात्री झेंडे उतरवत नाहीत. निळा-काळा-पांढरा झेंडा प्रत्येक घरावर, रात्रभर.

जान दिवसाच्या आदल्या रात्रीच्या शेकोटीसाठी समुद्राकाठच्या कुरणात गाव जमलं होतं. मोठी लाकडी झुलणी, एका वेळी सात-आठ माणसं उभी राहून झुलतील अशी. कोळशावर मांस, बटाट्याची कोशिंबीर, स्ट्रॉबेरी. आणि मधोमध लाकडांच्या राशीवर एक अख्खी होडी उभी केलेली, नाक आभाळाकडे.

मी यजमान काकांना विचारलं, होडी का? त्यांनी मला होडीपाशी नेलं आणि फळीवर बोट दाबलं. बोट आत गेलं. दुरुस्त होईल अशी होडी कुणी जाळत नाही, म्हणाले, हिच्यात तळापासून कूज आहे, आणि कुजलेली होडी किनाऱ्यावर सडू देणं हा तिचा अपमान. ही त्यांच्या चुलत्यांची. बेटावर होडी ही काय चीज आहे हे त्यांनी पुढे सांगितलं. १९४४ च्या शरदात लाल सेना परत येत होती तेव्हा सत्तर-ऐंशी हजार लोक देश सोडून गेले, कितीतरी जण अशाच होड्यांतून स्वीडनकडे, वादळात. सगळे पोचले नाहीत. जे मागे राहिले त्यांच्या होड्या पुढे पहाऱ्यात गेल्या. काकांच्या वडिलांना सकाळी मासे धरायला जाताना सही करावी लागे आणि संध्याकाळी परत आल्याची सही.

पावणेअकराला सूर्य पाण्यात टेकला तेव्हा काकांनी पेटवलं. आधी लाकडं, मग होडीची कड, मग जुन्या डांबराला जाळ लागला आणि ज्वाळा शिडाएवढी वर गेली. लोकांनी ओरडाआरडा केला नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीनं गाणं सुरू केलं, आणि सगळ्यांना ते पाठ होतं. लहान मुलांनासुद्धा. पुढे अॅकॉर्डियन आलं, नाच सुरू झाला, डॉक्टरला एका सत्तरीच्या आजोबांनी तीन नाच सोडलं नाही. प्रेमात पडलेली जोडपी मध्यरात्री नेच्याचं फूल शोधायला रानात जातात. नेच्याला फूल येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. मध्यरात्रीनंतरही उत्तरेचं आभाळ मोरपंखी होतं आणि कुरणात कुठेतरी रानकोंबडीसारखा एक पक्षी कर्र-कर्र करत होता. सव्वाचारच्या सुमारास सूर्य परत.

२४ जून, मंगळवार : सारेमा आणि परतीची रांग

मूहू आणि सारेमा यांना १८९६ साली बांधलेला बांध जोडतो. उशिरा उठून आधी कालीचं विवर गाठलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी उल्का पडून झालेलं, ११० मीटर व्यासाचं, तळाशी हिरवं गोल पाणी. लोणार पावणेदोन किलोमीटरांहून मोठं आहे, पण तिथला आघात फार जुना. इथे बेटावर तेव्हा वस्ती होती. काठावर उभं राहून मी तोच विचार करत होते. मग आंगलाच्या पवनचक्क्या, आणि कुरेसारेचा करडा चौकोनी किल्ला बाहेरूनच, कारण वेळ उरला नव्हता.

२४ जूनला बरीच दुकानं बंद असतात. आम्हाला हे आधी ठाऊक होतं, तरी यजमानीण काकूंनी सकाळी निघताना राय ब्रेडची अर्धी वडी, लोणी आणि धूर दिलेला फ्लाउंडर मासा कागदात बांधून दिला. दादासाठी उकडलेले बटाटे वेगळे, शेपू वेगळा, चिमूटभर मीठ पुडीत. काल रात्री त्यांनी त्याला फक्त एकदा विचारलं होतं, मासे नाही? अंडी? एवढंच.

परतीच्या फेरीला दीड तासाची रांग लागली. त्या दिवशी बेटांवरून निघायचं असेल तर दुपारी दोनच्या आधी निघा, नाहीतर सरळ रात्री दहानंतर. आमच्यामागच्या गाडीतल्या कुटुंबानं डिकी उघडून स्ट्रॉबेरीची टोपली बाहेर काढली आणि रांगेत फिरवली. आम्ही फ्लाउंडर पुढे केला. दादानं शेंगदाण्याचे लाडू काढले, जे तो नाशिकहून आणून आतापर्यंत राखून होता. त्यांच्या मुलानं एक खाल्ला, मग दोन, मग आईकडे बघून तिसरा. त्याच्या आईनं कसे करतात ते विचारलं, आणि फेरीचा भोंगा होईपर्यंत दादा तिला गूळ म्हणजे काय आणि त्याचा पाक कितपत घ्यायचा हे दोन बोटांत तार धरून दाखवत होता.